उंबरदऱ्याचे नमुने

भामाबाईंच्या गालाचा तपासणी-अहवाल आला, तेव्हा धनाजी कंपनीच्या कामथडीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसून नव्या सभागृहाच्या पडद्यांचा रंग ठरवीत होता. भामाबाईंच्या मुलाने, संपतने, अहवालाचे छायाचित्र मोबाईलवर पाठवले होते आणि खाली एवढेच लिहिले होते : "दादा, बघ जरा." धनाजीने पाहिले. डाव्या गालाच्या आतल्या बाजूस कर्करोग, तिसरा टप्पा, मानेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. त्याने मोबाईल पालथा ठेवला, राखाडी पडदे बरे दिसतील असे मत दिले आणि चहा संपवला.

भामाबाई त्याची सख्खी आत्या. अशा प्रसंगी माणूस सुन्न होतो, असे म्हणण्याची रीत आहे. परंतु सुन्न होण्यासाठी आधी काहीतरी येऊन आदळावे लागते, आणि धनाजीवर काही आदळलेच नव्हते. गेली काही वर्षे त्याच्याकडे येणारी प्रत्येक बातमी, कंपनीशी तिचा संबंध काय, या एका चाळणीतून गाळूनच आत शिरत असे. हीही तशीच अडकली. कारण दोन वर्षांपूर्वी त्याच्याच कंपनीच्या चाचणीने त्याच्या आत्याला निर्धोक ठरवले होते.

कंपनीचे नाव प्राग्निदान. तोंडाचा कर्करोग डोळ्यांना दिसण्याच्या आधी लाळेत काही द्रव्ये उतरतात, आणि ती मोजता येतात, हा शोध डॉक्टर सुलक्षणा यांनी पुण्याच्या एका संशोधनसंस्थेत लावला होता. शोध लागला म्हणजे तो लोकांपर्यंत पोचला, असे होत नाही. संस्थेने निबंध छापून घेतला, टाळ्या वाजवल्या आणि विषय मिटवला. सुलक्षणाबाईंनी नोकरी सोडली. पुण्यात जागा परवडेना, म्हणून उत्रोलीला धनाजीच्या वडिलांच्या भाताच्या गिरणीमागचे रिकामे कोठार त्यांनी घेतले. धनाजी तेव्हा भोरच्या एका शाळेत विज्ञान शिकवीत असे. कोठारातला कोंडा त्याने झाडला, भिंतींना चुना त्याने लावला, आणि वीज गेली की नमुन्यांच्या फ्रीझरला जनित्र जोडण्यासाठी धावणाराही तोच. कंपनीचा पहिला नोकर तो, आणि आता एक संचालक.

उत्रोलीच्या दिवसांत लाळेचा प्रत्येक नमुना धनाजीने स्वतः घेतला होता. बाईसमोर उकिडवे बसायचे, तिच्या माहेरची चौकशी करायची, मग नळी पुढे करायची. पुढे चाचणी नावारूपाला आली, पैसे लावणारे आले, कोठार अपुरे पडले आणि महामार्गालगत कामथडीला काचेची इमारत उभी राहिली. वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांतल्या, मिश्री लावणाऱ्या बायकांची मोठी चाचणी ठरली, तेव्हा नावे, वये आणि व्यसनाची वर्षे धनाजीने घरोघर फिरून टिपली. मात्र प्रत्यक्ष लाळ घेण्याच्या दिवसांत हैदराबादच्या एका बड्या औषध कंपनीची माणसे इमारत पाहायला आली होती, आणि त्यांना फिरवून दाखवण्यासाठी तो कामथडीला थांबला. वाड्यांवर पुण्याहून रोजंदारीने आणलेली मुले गेली. ती हुशार होती, स्वच्छ हातमोजे घालत होती आणि एकाही बाईला ओळखत नव्हती. वाढणाऱ्या कंपनीत एक माणूस सगळीकडे पुरत नाही, हे खरेच आहे. फक्त तो जेथे पुरत नाही तेथे काय घडते, हे पाहण्यासाठीही दुसऱ्या माणसाची नेमणूक करावी लागते, आणि ती कोणी केली नव्हती.

अहवालाची गोष्ट त्याने सुलक्षणाबाईंच्या कानावर घातली. दिवाळी नुकतीच झाली होती. महिनाअखेर परवानगीसाठीची कागदपत्रे दिल्लीला जायची होती, आणि परवानगी मिळाली की हैदराबादची कंपनी ही चाचणी चार राज्यांत नेणार होती. चाचणी शंभरात पाच-सहांच्या बाबतीत चुकते, हे त्या कागदपत्रांत प्रामाणिकपणे लिहिलेले होते. भामाबाई त्या पाच-सहांतल्या एक, असे म्हणून विषय संपवता आला असता. सुलक्षणाबाईंनी तो संपवला नाही. त्यांनी फ्रीझरमधून भामाबाईंच्या नावाची उरलेली लाळ काढली आणि दुसऱ्या दिवशी धनाजीला प्रयोगशाळेत बोलावले.

"तुमची आत्या मिश्री किती वर्षं लावते?"

"मला कळतं तेव्हापासून, मॅडम. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की आम्ही पोरं खोकत बाहेर पळायचो."

"या लाळेत तंबाखूचा अंशसुद्धा नाही." त्या खुर्चीत मागे रेलल्या. "ही लाळ तुमच्या आत्याची नाहीच, धनाजी. चाचणी चुकलेली नाही. माणूस बदललंय."

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते समाधान होते. त्याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या बाईने आयुष्याची बारा वर्षे एका मोजमापाला वाहिली, तिला ते मोजमाप खरे ठरल्याचे समाधान व्हावे, यात अमानुष असे काही नाही. धनाजीनेही मान डोलावली.

"घरच्यांकडून लिहून आणा, की त्या दिवशी दुसऱ्याच कोणी नमुना दिला. एक नमुना वगळू आणि कागद पाठवू."

दुसऱ्या दिवशी तो निघाला. पानशेतच्या पुढे धरणाकाठची हॉटेले आणि शनिवार-रविवारचे बंगले संपतात आणि रस्ता अरुंद होत चढू लागतो. उंबरदरा ही शेवटची वाडी. भातकापणी उरकली होती, खाचरांत नुसती खुंटे उभी होती, आणि खळ्याखळ्यावर झोडणी चालली होती.

भामाबाई ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डाव्या गालावर पदर दाबलेला, शब्द एका बाजूने निसटणारे.

"आला का रं कंपनीवाला? गाडी लई चकाकती. माजं तोंड बघाया आलास व्हय? बघ. फुकटात दावते."

"आत्या, तू बोलू नको. त्रास होईल."

"बोलाया नगं, खायाला नगं. मंग तोंड ठिवलंय कशाला, मिश्रीला?"

"मिश्री बंद केलीय डाक्टरनी," संपत म्हणाला. पानशेतच्या एका हॉटेलात तो स्वयंपाकी होता. आईसाठी रजा काढून घरी बसला होता.

"डाक्टरनी केलीय बंद. म्या न्हाई."

धनाजी हसला. हसू चेहऱ्यावर आले आणि गेले, एवढेच त्याला जाणवले. उपचार कधीपासून, कोणाच्या ओळखीने, असे दोन-चार प्रश्न त्याने विचारले, आणि संपत चहाला दूध आणायला गेला तेव्हा तो मागल्या खळ्यावर आला. संपतची बायको आरती सुपाने भात वारवीत होती.

"आरती, दोन वर्षांमागं देवळापाशी लाळ घेतली, तेव्हा आत्या गेली होती का?"

"न्हाई की. त्या दिशी आमच्या घराची गुरांची पाळी हुती. आत्याबाई गुरं घिऊन वर गेल्या, म्या देवळात गेले. वाटून घेतलं काम."

"पण नाव तर तिचं पुकारलं असेल."

"पुकारलं. 'भामाबाई' म्हनला, म्या उठले. पाळीला बी नाव त्यांचंच पुकारत्यात, आन निम्म्या येळंला जाते म्या. कोन इचारतं, भावजी?"

या डोंगरवाड्यांत पीक उभे असले की गुरे एकत्र राखतात, आणि राखण्याची पाळी घराघराने फिरते. पाळी माणसाची नसते, घराची असते. नाव म्हाताऱ्याचे पुकारले जाते, जातो नातू. रस्ता दुरुस्तीला सासऱ्याचे नाव, फावडे जावयाच्या हाती. घरातून एक माणूस उभे राहिले की ते घर उभे राहिले, असा हिशेब. आणि तो कित्येक पिढ्या कोणाच्याही नुकसानीशिवाय चालत आला होता. त्या हिशेबात लाळ बसत नाही, हे उंबरदऱ्याला कोणी सांगितले नव्हते. सांगायचे असते हे प्राग्निदानमध्ये कोणाला सुचले नव्हते. ज्याला सुचायला हवे होते, तो याच खळ्यांवर सुट्ट्यांत वाढला होता.

"त्या पोरांनी काही विचारलं नाही?"

"इचारलं की, सकाळधरनं मिश्री लावलीया का. म्हनलं न्हाई. लावतच न्हाई म्या. लई खूस झाला त्यो. म्हनला, असंच पायजे."

"आणखी कोणी असं केलं?"

आरती हसली. "आनखी कुनी न्हाई केलं, ते इचारा. बेननी चालली हुती. ज्या घरात जी मोकळी, ती आली. ठकुबाईची तिच्या नातीनं दिली. मंगलची तिच्या जावंनं. कोंडिबामामा तर सोताच बसला बायकूच्या नावावर, ती म्हायेरी गेल्ती. त्या पोरानं वर बघितलंच न्हाई, नळी धरली फुडं. आमी पदर तोंडात कोंबून हसतोय."

तिचे हसणे सावकाश उतरले. सूप हातातच राहिले.

"भावजी, आत्याबाईंनी सोता दिली असती, तर तवाच कळलं असतं का?"

या प्रश्नाला दोनच उत्तरे होती. 'नाही' म्हणावे, तर या बाईचा जीव हलका होतो आणि बारा वर्षांचे काम खोटे पडते. 'हो' म्हणावे, तर काम खरे ठरते आणि ही बाई जन्मभर त्या खळ्यावर उभी राहते. दयाळू माणसाने काहीतरी तिसरे शोधले असते. धनाजीने शोधले नाही. दया करण्याइतके काही त्याच्या आत त्या घटकेला हलतच नव्हते, म्हणून जे होते ते बाहेर आले.

"हो. बहुतेक कळलं असतं."

आरतीने सूप खाली ठेवले. रडली नाही. पायाला चिकटलेला भुसा एका पायाने दुसऱ्या पायावरून काढीत ती काही वेळ उभी राहिली.

"मंग मंगलला आजच सांगा," ती म्हणाली. "होळीपासनं तिला तिखट सोसत न्हाई. गाल आतनं चरचरतोय म्हनती. म्या म्हनलं, दवाखान्यात जा. तर म्हनली, माजी तपासनी झालीया, निर्धोक हाय म्हून कंपनीचा निरोप आलाय. मंग कशाला जाऊ?"

मोबाईलला रेंज मिळावी म्हणून वाडीच्या वरच्या टेपाडावर जावे लागते. धनाजी तेथे गेला आणि सुलक्षणाबाईंना त्याने सगळे सांगितले.

"एक नमुना वगळला तर ती चूक ठरते, धनाजी. वाडी वगळली तर पद्धत चुकली असं होतं. आणि वाडी एकच असेल का?"

"नाही. पाळीची रीत वेल्ह्यातल्या सगळ्याच डोंगरवाड्यांत आहे."

"म्हणजे मोठी चाचणी गेली. दोन वर्षं मागे. हैदराबादचे लोक दोन वर्षं थांबणार नाहीत, हे तुम्हांला माहीत आहे."

"फ्रीझरमध्ये सगळ्यांची लाळ आहे, मॅडम. तंबाखूचा अंश बघितला तर कोणाची खरी, कोणाची खोटी, निम्मंशिम्मं तरी कळेल."

"कळलं की मला ते लिहावं लागेल. न बघता लिहिणं आणि बघून न लिहिणं यांत फरक आहे." त्यांचा आवाज शांत होता. "तुम्ही आत्याच्या घरचं तेवढं लिहून आणा. चाचणी बरोबर आहे, हे तुमच्या आत्यानंच सिद्ध केलंय. ती चार राज्यांत गेली तर किती गाल वाचतील, याचा विचार करा. उन्हाळ्यात परवानगी आली की या सगळ्या बायकांची मी स्वतः तपासणी करीन. शब्द देते."

"मंगलला आत्ता चरचरतंय."

"मंगल कोण?"

सुलक्षणाबाईंचा युक्तिवाद लबाडीचा नव्हता. चार राज्यांतले गाल आणि एका डोंगरातले गाल यांची तुलना केली, तर पारडे कोणत्या बाजूला जाते हे शाळकरी पोरालाही समजेल. आणि त्यांनी दिलेला शब्द त्या पाळतील, याविषयी धनाजीला शंका नव्हती. तरीही त्या युक्तिवादात एक खोट होती. चार राज्यांतल्या बायकांना अजून कोणी काही सांगितलेले नव्हते. उंबरदऱ्याच्या बायकांना मात्र 'तुम्ही निर्धोक आहात' असे सांगून दवाखान्याच्या वाटेवरून परत फिरवले होते, आणि तो निरोप धनाजीच्या नावाने आला होता. ज्याला काहीच सांगितले नाही तो निदान स्वतःच्या दुखण्यावर विश्वास ठेवतो. ह्यांनी तोही ठेवला नव्हता.

हा विचार त्याने रागाने केला नाही, की कळवळ्याने. वजाबाकी करावी तसा केला. टेपाडावरून खाली दिसणारी घरे त्याला तितकीच परकी वाटत होती जितके त्या दिवशी सभागृहाचे पडदे.

"मी सांगणार आहे, मॅडम. त्यांना."

"एकदा सांगितलंत की मागे घेता येणार नाही."

"हो."

त्याने फोन बंद केला.

संध्याकाळी देवळापुढे बायका जमल्या; कोणी झोडणीवरून तशाच, केसांत भुसा घेऊन. धनाजीने थोडक्यात सांगितले : जिच्या नावाची लाळ तिची स्वतःची नव्हती, तिला मिळालेला निरोप खोटा समजावा. तोंड तिचे तपासलेलेच नाही. जिला चरचरते, तिखट सोसत नाही, गालात पांढरे-तांबडे दिसते, तिने उद्याच भोरला चलावे, गाडी त्याची.

ठकुबाई म्हणाली, "म्हंजी माज्या नातीचं तोंड निर्धोक हाय. बरं झालं, तिचं लगीन करायचंय."

हशा पिकला.

"आन कोंडिबाची बायकू निर्धोक बाप्या निगाली!" दुसरी कोणी ओरडली, आणि देवळाच्या पायरीवर बसलेला कोंडिबा टोपी चेहऱ्यावर ओढून म्हणाला, "गप बसा गं भवान्यांनो."

"तुमी दोन वर्सं काय करत हुता मंग?" हे मंगलने विचारले. ती हसत नव्हती. धिप्पाड, चाळिशीची बाई, कमरेवर हात. "आमी अडानी. तुमाला तर सगळं कळतंय. थुंकी कुनाची त्ये कळलं न्हाई?"

"बघितलं नाही," धनाजी म्हणाला.

"का?"

"बघायला हवं असं वाटलं नाही."

ती पुढे आली आणि तोंड उघडून उभी राहिली. धनाजी डॉक्टर नव्हता. पण बारा वर्षांत त्याने पुष्कळ छायाचित्रे पाहिली होती. त्याने मोबाईलचा उजेड आत पाडला. उजव्या गालावर, दाढांच्या मागे, जुनी भिंत पोपडे धरते तशी पांढरी, खरबरीत जागा होती आणि तिच्या कडेला लाल रेघ.

"काय दिसतंय?"

"पांढरं आहे. डॉक्टरला दाखवायला हवं."

"चुना असंल. दुपारी पान खाल्लं म्या."

"चुना नाही."

मंगलने तोंड मिटले. मग ती आपल्या जावेकडे वळून, मुलांच्या भाकरीचे काय करायचे ते सांगू लागली.

त्या रात्री घरात संपतचा आवाज चढला. आईची लाळ आरतीने दिली, ही गोष्ट देवळातून त्याच्यापर्यंत पोचली होती. "तुला अक्कल न्हाई? आईचं नाव पुकारलं तर तू का उठलीस?" असे तो दोनदा-तीनदा म्हणाला. आरती चुलीपुढे पाठमोरी बसून राहिली. शेवटी भामाबाईंनी जमिनीवर तांब्या आपटला.

"म्याच धाडली तिला. गुरं म्या नेते, थुंकाया तू जा, असं म्याच म्हनले. आता गप. माजं तोंड, माजी चूक. तुमी दोगं त्यावरनं भांडू नगा." आणि एवढे बोलल्यावर गाल दाबून त्या भिंतीकडे वळल्या. धनाजी ओसरीवर ऐकत होता. त्याचा घास थांबला नाही.

पुढच्या गोष्टी वेगाने झाल्या आणि त्यांत सांगण्यासारखे थोडे आहे. भोरच्या डॉक्टरांनी मंगलला पुण्याला धाडले. रोग होता, पण लहान होता, गालातच होता, शस्त्रक्रियेने निघण्यासारखा. ठकुबाईच्या तोंडात काही निघाले नाही. शेजारच्या वाडीत एकीचे निघाले, आणि तिला उशीर झालेला होता. सुलक्षणाबाईंनी दिल्लीला पाठवायचे कागद स्वतःच्या हाताने मागे घेतले. हैदराबादहून एक सभ्य पत्र आले. कामथडीच्या इमारतीचा वरचा मजला भाड्याने द्यावा लागला; पडदे लावायचे राहून गेले. ज्यांनी पैसे लावले होते त्यांच्या बैठकीत धनाजीला विचारण्यात आले, की संचालक असताना कंपनीचे नुकसान आपण जाणूनबुजून केले काय. त्याने होय म्हटले आणि संचालकपद सोडले. नोकरी मात्र सुलक्षणाबाईंनी काढून घेतली नाही. त्याचे कारण त्यांनी सांगितले नाही, आणि त्या त्याच्याशी कामापलीकडे बोलतही नव्हत्या.

भामाबाई पौषात गेल्या. दहाव्याला नदीकाठी संपतने मुंडण केले, कावळ्याने घास चटकन घेतला, सगळ्यांना बरे वाटले. धनाजी उभा होता. आरतीने त्याला पाणी आणून दिले आणि विचारले, "मॅडम येनार हायत का?"

"उद्या येतायत."

दुसऱ्या दिवशी सुलक्षणाबाई उंबरदऱ्याला आल्या. त्यांनी या वाडीत पाऊल टाकले ते पहिल्यांदाच. देवळाच्या पायरीवर बारदान टाकून त्या बसल्या. नळ्यांची पेटी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला उकिडवा धनाजी. मोठी चाचणी पहिल्यापासून करायची होती, आणि या वेळी रोजंदारीची मुले नव्हती. बायका रांगेने येत होत्या. प्रत्येकीचा चेहरा धनाजी पाहत होता, नाव सांगत होता. मग सुलक्षणाबाई स्वतः पुन्हा विचारत होत्या.

"ठकुबाई तुम्हीच ना?"

"म्या न्हाई तर काय माजी सवत?"

रांगेत हसू पसरले. सुलक्षणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नळी पुढे धरली, ठकुबाईने पदर सावरून त्यात थुंकले, आणि बाईंनी नळीवर आकडा लिहिला. धनाजीने झाकण घट्ट फिरवले. त्याच्या बोटांना काचेचा गारवा लागला असावा. तो त्याने टिपला, पण जाणवला असे म्हणवत नाही.

"पुढच्या," सुलक्षणाबाई म्हणाल्या.